वीतभर अंतरावरचा आवाज

लाइट गेली तर जाऊ दे, इन्व्हर्टर लावू नको. ओट्यावर वारा बरा आहे. हेमकांत, तू पण बस इथे.

स्वप्नाली, मघाशी तू मोबाइलवर दोन माइक दाखवलेस आणि विचारलंस, "नाना, कोनता लेऊ?" मी गप्प राहिलो, तुला राग आला. बरोबर आहे. पस्तीस वर्षं शहाद्यात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले, आणि घरच्या पोरीला माइक सांगता येत नाही म्हणजे काय. पण मागे एकाला सांगितला होता. तेव्हापासून सांगत नाही.

भावेश नाव त्याचं. सारंगखेड्याकडचा, गुजर घरातला. घरी केळी, ऊस, सगळं. हा धाकटा म्हणून शहाद्यात ठिबकच्या दुकानात नोकरीला होता. बायको मोहिनी. प्रकाशा रस्त्याला एका घराच्या माडीवर भाड्याने राहायचे. खाली घरमालकीण, सिंधुबाई, एकटी बाई.

मोहिनी गायची. लग्नातली गाणी, हळदीची, मांडवाची. तिने तोंड उघडलं की बाकीच्या बाया आपोआप हळू व्हायच्या. मग तिचं मूल पोटातच गेलं, सातव्या महिन्यात. त्यानंतर आठ महिने ती गायली नाही. बोलायची, स्वयंपाक करायची, हसायचीसुद्धा. गाणं मात्र नाही. मग चुलत नणंदेच्या हळदीला बसल्या बसल्या एकदम गायला लागली. कोणीतरी मोबाइलवर ते घेतलं आणि ते फिरत फिरत सुरतेला पोचलं. तिथल्या एका बाईने फोन करून सांगितलं, अशी बारा गाणी नीट रेकॉर्ड करून द्या, आम्ही लग्नांत लावू.

दुसऱ्या दिवशी भावेश माझ्याकडे. "नाना, ती पुन्हा गाई ऱ्हायनी. माले चांगला माइक पाहिजे."

घरी रेकॉर्डिंग करायचं तर दोन वस्तू लागतात. एक माइक. दुसरा इंटरफेस, म्हणजे विटेएवढा डबा, जो माइकचा आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देतो. त्याच्या पुढच्या बाजूला आवाज कमीजास्त करायचं गोल बटण आणि एक बारीक दिवा. आवाज आला की दिवा हिरवा. फार मोठा आला की लाल. माइकचे मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर, तो फार नाजूक, शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी ऐकतो. आणि डायनॅमिक, सभेत पुढारी हातात धरतात तसा. त्याला तोंडाजवळचंच ऐकू येतं, फार तर वीतभर.

आम्ही दोघं नंदुरबारहून सकाळच्या गाडीने सुरतेला गेलो. नवापूर गेलं तरी भावेश मोबाइलवर माइकच वाचत होता. दुकानदार भला माणूस. त्याने विचारलं, खोली कशी आहे? पत्रा आहे का, रस्ता किती लांब? सगळं ऐकून म्हणाला, डायनॅमिक घ्या, कंडेन्सर घरातलं सगळं गोळा करेल. भावेश ऐकेना. मोहिनीचा आवाज बारीक, त्यातला एक धागा सुटायला नको म्हणे. कंडेन्सर घेतला.

मे महिना. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. रस्त्यावरचे ट्रक एक वाजल्यानंतर कमी व्हायचे, म्हणून दोघं तेव्हा रेकॉर्डिंगला बसायचे. चार दिवसांनी भावेश लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आला. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला.

मोहिनी गायला सुरुवात करते, त्याच्या आधी श्वास घेते. सगळेच घेतात. पण तिच्या श्वासाच्या आधी... अजून एक श्वास होता.

मी म्हटलं, भिंतीवरून आवाज परत येतो, तसलं काही असेल. भावेश म्हणाला, "नाना, परत येनारा आवाज आधी कसा यी?"

मग त्याने पुढच्या रात्रींचं लावलं.

दुसऱ्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये श्वासामागे गुणगुण होती. तिसऱ्या रात्री शब्द. मोहिनी ओळ म्हणायची, मागून कोणीतरी तीच ओळ म्हणायचं, म्हाताऱ्या बाईच्या पिकल्या गळ्याने. चौथ्या रात्री दोघी बरोबर होत्या.

"मोहिनीने ऐकलं?" मी विचारलं.

"तिले ऐकाडं नई मी. तिना घसा बसना, नाना. रोज जास्ती बसी ऱ्हायना."

तेव्हा मी त्याला म्हटलं, आणि हे माझं बोलणं मी विसरलेलो नाही, की अरे, खाली सिंधुबाई झोपेत बडबडत असेल, तुझा माइक ते उचलतोय. डायनॅमिक घे. त्याला वीतभर अंतराच्या पलीकडलं ऐकूच येत नाही. माझ्याकडे एक चांगला पडून होता. मी म्हटलं, घेऊन येतो, मीच लावून देतो.

तारीख सतरा मे, दोन हजार चोवीस. शुक्रवार. मी रात्री साडेबाराला त्यांच्या माडीवर गेलो. मोहिनीने पाणी दिलं. "या नाना" म्हणाली, तर शब्द नुसत्या हवेचे. घसा बसल्यावर खरखर तरी असते. तीही नव्हती. मी म्हटलं, पोरी, आज राहू दे. तिने मान हलवली. गायचं होतं तिला. आणि पोरांनो, ती खुशीत होती. तेच मला तेव्हा बरं वाटलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी दार लावलं. पंखा बंद केला. मोहिनी पलंगाच्या कडेला बसली, समोर स्टँडवर माइक, तोंडापासून वीतभर. मी खाली सतरंजीवर लॅपटॉप, इंटरफेस आणि हेडफोन घेऊन. भावेश दाराजवळ.

माइकची परीक्षा म्हणून मी बसल्या जागी मोठ्याने खाकरलो. दिवा लागला नाही. भावेशला टाळी वाजवायला सांगितली. नाही लागला. मला हायसं वाटलं. आता या माइकला मोहिनीशिवाय काही ऐकू येणार नाही.

मी बोट वर केलं. गा.

दिवा हिरवा झाला.

मोहिनीने अजून तोंड उघडलं नव्हतं.

हेडफोनमध्ये गाणं सुरू झालं. हळदीचं. पिकला गळा, स्वच्छ, कानाला लागून. मग मोहिनीचे ओठ हलले. तीच ओळ, पण नंतर. नुसती हवा. पुन्हा पुढची ओळ... आधी ती. मग मोहिनी.

शाळेत बाई सांगतात आणि मुलं म्हणतात, तसं.

मी भावेशकडे पाहिलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं. हेडफोन माझ्या कानात. खोलीत शांतता. त्याला दिसत होती फक्त बायको, ओठ हलवणारी.

त्या गाण्याची दोनच कडवी. आपल्याकडे सगळ्या बाया दोनच म्हणतात. दुसरं संपलं. मोहिनीने तोंड मिटलं.

दिवा विझला नाही.

तिसरं कडवं सुरू झालं.

मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं ते. नवरीच्या आईचं नाव घेतात तिथे मोहिनीचं नाव होतं. आणि पुढे... पुढे बाळाचं काही होतं. मी सांगणार नाही.

मोहिनीचे ओठ मिटलेले. डोळे माइकवर. नाही... माइकच्या अलीकडे. माइक आणि तिचं तोंड, मधे वीतभर जागा. तिथे बघत होती. कोणाच्या तोंडाकडे बघावं तसं.

दिवा लाल झाला.

मी हेडफोन काढला. भावेशला खूण केली. त्याने पुढे होऊन माइकची वायर उपटली. दिवा गेला.

घामाचा थेंब सतरंजीवर पडलेला मला ऐकू आला.

मग मोहिनी बोलली. त्याच हवेच्या आवाजात.

"काढू नका ना... ती माले शिकाडी ऱ्हायनी. अजून दोन कडवा बाकी शेतस."

भावेश म्हणाला, "कोन?"

ती सरकून बसली थोडी. पलंगावर दुसऱ्या कोणाला जागा करून द्यावी तशी.

आम्ही तिला धरून खाली आणलं. उजाडेपर्यंत तिघंही अंगणात बसलो. सकाळी सिंधुबाई सडा टाकायला उठली, तिने विचारलं काय झालं. सांगायचं काय? भावेशने लॅपटॉप उघडून तिसरं कडवं लावलं. ती बाई बादली धरून उभी होती. ऐकता ऐकता बादली खाली ठेवली. पूर्ण ऐकलं तिने. मग म्हणाली, "हाई कडवं... तुमले कोठे भेटनं?"

मी विचारलं, कोण आहे ही?

सिंधुबाईने मानेने नाही म्हटलं. पदर तोंडाला लावला. वर गेली, माडीला कुलूप घातलं, आणि दुपारच्या गाडीने खांडबाऱ्याला मुलीकडे निघून गेली. सामान काढायचं तेव्हा काढा, किल्ली शेजारी ठेवली आहे, एवढाच निरोप. पुढे दोनदा मी तिला गाठलं. दोन्ही वेळा चहा दिला, त्या विषयावर एक शब्द नाही.

भावेश बायकोला घेऊन सारंगखेड्याला गेला, आईवडलांकडे. लॅपटॉपमधलं सगळं त्याने पुसलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. घशात काही दोष नाही म्हणाले. जूनअखेर एका सकाळी मोहिनीने म्हशीला हाक मारली, आणि आवाज आला. सासू रडली म्हणे. आता ठीक आहे ती. मुलगी झाली तिला, वर्षाची होईल. लग्नाला जाते, गातेसुद्धा, पण चारचौघींत मिसळून. एकटीने सुरुवात करत नाही. सुरतेच्या बाईला, जमणार नाही, असं तिने स्वतःच कळवलं. मी एकदा विचारलं, बेटा, तुला भीती वाटली नव्हती? तर म्हणाली, "नाना, ती रागवत नव्हती कधी." एवढंच. आणि दुसरीकडे बघायला लागली.

कंडेन्सर भावेशने सुरतेला परत केला. माझा डायनॅमिक माझ्याकडे आला. मी पुसून डब्यात ठेवला, डब्याला चिकटपट्टी मारली, कपाटात वर टाकला. जवळजवळ दोन वर्षं हात लावला नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या मास्तरांनी स्नेहसंमेलनाला माइक मागितला. मी डबा काढला. पट्टी होती तशीच होती. उघडलं, तर माइकच्या जाळीवर मधोमध ओल. तोंडाजवळ धरून कोणी बराच वेळ बोललं की येते तशी. बोट लावलं. काळं लागलं. वास घेतला.

मिशरी.

आपल्या घरात दाताला तंबाखूची मिशरी कोणी लावत नाही. मोहिनीने कधी लावली नाही. मी जाळी काढून साबणाने धुतली, दिवसभर उन्हात ठेवली, पुन्हा पट्टी मारली. मास्तरांना म्हटलं, बिघडलाय.

आज संध्याकाळी तू विचारलंस, म्हणून तुम्ही जेवत होतात तेव्हा परत उघडला...

तुझ्या मोबाइलची बॅटरी लाव, स्वप्नाली. इकडे धर. हे माझं बोट बघ.