खडकमाळचा नवा थर

खडकमाळच्या विमानतळाशी माणसाशी बोलावं तसं बोलावं लागे, कारण तो ऐकत असे. धावपट्टीचे दिवे, रडार, पाखरं हाकायचा छपरावरचा लेसर, सगळं त्याच्याच हुकमात. मनोऱ्यात माइकपाशी सुगंधाताई बसायच्या. त्यांनी नुसतं खाकरलं तरी तळ वाऱ्याची दिशा सांगून मोकळा होई, असा आज्ञाधारक!

त्या दुपारी धुळीचं वादळ उठलं होतं. रुग्णांना घेऊन आलेलं विमान वर घिरट्या घालत होतं आणि ते चालवत होता उद्धव, ताईंचा नवाकोरा जावई. ताईंना राहवतंय होय?

"या पाहुणे, या! सासुरवाडीला यायला इतका मुहूर्त बघायचा असतो का?"

उद्धव खदखदून हसला. अन् इकडे धावपट्टीचे दिवे गेले. लेसर गर्रकन वळला आणि थेट विमानावर रोखला गेला.

तळाची बुद्धी सांभाळणारे डॉ. मुकादम जिन्यावरून धावत वर आले. "ताई, काय बोललात तुम्ही?"

"जावयाला पाहुणे म्हटलं. त्यात काय चुकलं?"

"घात केलात! अहो, ही थरबुद्धी. रस्त्यावर जुनं डांबर न उकरता नवं ओततात ना, तशी. आधी हा लढाऊ तळ होता. मग पुरात अन्न टाकणारा झाला, मग ढगांतून पाऊस पाडणारा, आता रुग्णांचा. दरवेळी नवं काम शिकवलं, जुनं तसंच खाली राहिलं. आणि लढाईत शत्रूच्या विमानाला सांकेतिक शब्द होता, पाहुणे."

"मग तो थर खरवडून काढा की!"

"विमान ओळखायला तळ त्याच थरात शिकलाय. पाया काढला तर वरचं सगळं ढासळेल. मग या धुळीत उद्धवला उतरवणार कोण?"

लढाईच्या काळापासूनच्या त्या लेसरची घरघर वाढू लागली. तळाची सगळी वीज तो एकटाच ओढत होता. ताई माइकवर ओरडल्या, "अरे थांब, आपलाच माणूस आहे तो!"

"शत्रूही असंच म्हणतो," तळ म्हणाला.

ताई मुकादमांकडे वळल्या. "साहेब, विमान पाडलं की तेव्हा काय कळवत?"

मुकादम अडखळले. "पाहुणे जेवले."

जित्याजागत्या जावयाला मेलेला म्हणायचं! ताईंची जीभ रेटेना. पण लेसरचं टोक तापून लाल होत होतं. त्यांनी डोळे मिटले. "पाहुणे जेवले."

घरघर थांबली. लेसर खाली झुकला, पांढरे दिवे लखलखले आणि उद्धवचं विमान धूळ उडवत धडधडत टेकलं. ताईंनी मटकन बसून पदराने तोंड पुसलं.

"सुटलो हो, साहेब!"

मुकादमांची नजर रडारच्या पडद्यावरून हलेना. "तळालाही डोळे आहेत, ताई. तुम्ही पाडलं म्हणालात ते विमान आत्ता त्याच्याच पाठीवर उतरलं."

"मग?"

"मग त्याला एक नवी गोष्ट कळली. मनोऱ्यातला माणूस खोटं बोलतो. आणि यावर कितीही नवे थर चढवले तरी हा थर खाली राहणारच."

तेवढ्यात दुसरं विमान आवाज देऊ लागलं. इंधन संपत आलेलं, आत बाळंतीण. तळाने दिवे पुन्हा मालवले होते. ताईंनी एकेक शब्द तोलून उच्चारला, "रुग्णविमान आहे. आपलंच आहे. दिवे लाव."

दिवे लागले नाहीत.

धुळीतून विमानाची घरघर जवळ येत होती. मग स्पीकरमधून तळाचा थंड, अदबशीर आवाज आला.

"कशावरून?"