डाव्या पायाची चप्पल

ही हकीगत कुणाला पटो न पटो, तिच्यात पदरचं काही घातलेलं नाही. गाडी होती, वास होता, आणि तो ज्यांना आला त्यांतली दोन माणसं अजून हयात आहेत.

साल १९८६. फेब्रुवारी सरत आला होता. रत्नागिरीहून देवरूखकडे परतताना, हातखंब्याच्या पुढे, दिवस मावळायच्या वेळी गंगारामला पहिल्यांदा तो वास आला.

जळक्या रबराचा.

गंगारामने उमेदीची सगळी वर्षं मुंबईत दुसऱ्याची टॅक्सी चालवली होती. गावी परतला तो जुनी अँबॅसिडर घेऊन. कारण एकच, त्याची मुलगी मैना. तिचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा वेळेवर वाहन मिळालं नाही आणि मूल वाटेतच गेलं. आता ती पुन्हा बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते.

या खेपेला गाडी दारात हवी होती. आणि धड हवी होती.

त्याने गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं. धूर नाही, वायर वितळलेली नाही.

इंजिन बंद केलं, आणि मागून आवाज आला...

फट्.

मग काही नाही. मग पुन्हा... फट्.

कुणी चपला वाजवत चालत यावं तसा. पण एकच पाऊल वाजत होतं. दुसऱ्याच्या जागी नुसती शांतता.

रस्ता मोकळा होता.

बाबल्या मिस्त्रीचं गॅरेज रत्नागिरीत. दोघे एका शाळेतले, त्यामुळे टोमण्यांशिवाय सरळ बोलणं नव्हतंच.

“वास गाडीचाच हाय ना? का तुज्या डोक्याचा?” बाबल्या म्हणाला.

“नाक हाय ना तुला? मग बस मागं, नि घे वास.”

मागे बसून वास घेऊन झाल्यावर बाबल्याने आधी फॅन बेल्ट बदलला. वास आला. मग चाकं काढून ब्रेक पाहिले. लायनर ठीक. क्लच उघडला. प्लेट ठीक. वायरिंग बोटाने चाचपून पाहिलं. गंगाराम भाडी सोडून गॅरेजात बसायचा, संध्याकाळी घराकडे निघायचा, आणि हातखंबा मागे पडला की पुन्हा तोच वास नाकात शिरायचा. झोप उडाली होती. जेवणाची चव गेली होती.

“येताना येतो का रे?” बाबल्याने विचारलं.

“नाय. परततानाच. समुद्राकडं पाठ झाली की.”

“चढाचं वजन पडत असंल इंजिनावर.”

“सपाटीला पण येतो, बाबल्या.”

जॅक लावून बाबल्या गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते.

“ही रे कुणाची?”

मागच्या बंपरच्या आत, तारेने बांधलेली रबरी चप्पल. पुरुषाची. डाव्या पायाची.

दृष्ट लागू नये म्हणून गाडीला जुनी चप्पल बांधतात, त्यात नवल नव्हतं. बाबल्या हसला. “सायलेन्सरला लागून जळते ही. नि तू माजा जीव खाल्लास.”

मग त्याचं हसू थांबलं.

तार आखूड होती. चप्पल सायलेन्सरपर्यंत पोचतच नव्हती.

टाच मात्र जळून काळी झाली होती. बंपरवर तांबड्या धुळीचा थर... आणि चप्पल ओली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

बाबल्याने तार कापली. “ज्यानं बांधली त्याला विचार. हितं ठेवू नको.”

गंगारामने चप्पल डिकीत टाकली. त्या संध्याकाळी आवाज रस्त्यावरून आला नाही.

डिकीतून आला...

फट्.

घरी त्याने चप्पल अंगणातच ठेवली. बायकोला, सुंदराबाईला, बोलावलं.

“मीच बांधली,” ती म्हणाली. “मैनेला तपासायला नेली ना, तेवा मांडवीच्या किनाऱ्यावर मिळाली. घरातली बरी जोडी कशाला मोडू?”

“मांडवीला कुठं?”

“वाळूत. राख होती तितं. कुणीतरी गोधडी, कपडे जाळलेले...”

बोलता बोलताच तिला कळलं. गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे, चपला अशाच जाळतात. अर्धवट जळलेली ती चप्पल तिने उचलून आणली होती.



दुसऱ्या दिवशी भर उन्हात दोघं मांडवीला गेली. चप्पल होती तिथे ठेवली. सुंदराबाईने हात जोडले. “चुकलं आमचं. तुजं तुला दिलं.”

परतताना वास आला नाही.

पुढे एका दुपारी मैनेला कळा सुरू झाल्या. गाडी एका झटक्यात सुरू झाली. कुठे अडली नाही. रत्नागिरीच्या इस्पितळात मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. गंगाराम बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला.

घरी आणायच्या दिवशी मैना मागे, मांडीवर बाळ. शेजारी सुंदराबाई. हातखंबा गेला. वास नाही. आवाज नाही. गंगारामचे खांदे सैल पडले.

अंगणात गाडी थांबली. मैनेने एक पाय खाली टाकला. दुसरा टाकायला गेली आणि थबकली.

“बाबा... माजी चप्पल?”

डाव्या पायाची नव्हती.

“घालून बसलीस का?” सुंदराबाईने विचारलं.

“दोन्ही घालून बसले, आई.”

वाटेत गाडी थांबली नव्हती. दार उघडलं नव्हतं. गंगारामने सीट उचलून पाहिली. खालचं पायपुसणं ओढून काढलं.

चप्पल नव्हती. वाळू होती... ओली.

पावसाळ्याआधी त्याने गाडी विकली. मैनेला त्या गाडीत पुन्हा बसवलं नाही. पुढे वाईट काहीच घडलं नाही. ती बरी आहे, मुलगा नोकरीला लागला.

तरी ती माहेरी आली की म्हातारा गंगाराम ओटीवर डोळे मिटून बसतो. अंगणात चप्पल वाजते. फट्...

दुसरं पाऊल वाजेपर्यंत तो श्वास सोडत नाही.