दोन ठोके म्हणजे थांब

बाहेर धुकं उतरलंय, तेव्हा एवढ्यात निघू नका. टेबलाच्या फळ्या उद्याही बघता येतील, त्या काही पळून जात नाहीत. दिवा जरा अलीकडे घेते. अशाच धुक्याच्या दिवशी आमच्या मिलमध्ये घडलेली गोष्ट सांगते. ऐकून झाल्यावर माझ्या डोक्याची काळजी करायची नाही, एवढीच अट.

आमची ही लाकडाची मिल आजोबांनी सुरू केली, म्हणजे आधी नुसता एक खड्डा खणला. खड्ड्यावर आडवा ओंडका, वर उभे आजोबा, खाली उभी आजी आणि दोघांच्या मध्ये लांबलचक करवत. एकाने ओढायची, दुसऱ्याने सोडायची. संसारही असाच करायचा असतो, असं आजी म्हणायची, फक्त भुसा दरवेळी तिच्याच डोळ्यांत जायचा. तिला वर बघता यायचं नाही आणि बोलायला जावं तर तोंडात बोकाणा. म्हणून दोघांनी ठोक्यांची भाषा काढली. बोटांच्या पेरांनी लाकडावर एक ठोका म्हणजे चालू दे. दोन म्हणजे थांब.

बाबांच्या काळात खड्डा बुजवला, इंजिन आलं, पुढे विजेवर फिरणारी, दातेरी पोलादी पट्ट्याची करवत आली. तिच्या आवाजाने बाबांचे कान गेले, पण ठोके राहिले. ओंडका ट्रॉलीवर चढवायचा, त्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे शेपटाकडे, उभं राहून त्याला दोन्ही तळवे टेकवायचे आणि पट्ट्याकडे ढकलत न्यायचा. दुसरा माणूस ओंडक्याच्या पलीकडून, त्याला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड सांभाळत चालतो. ओंडका जाड असला की तो दिसत नाही, ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. पण त्याचा ठोका लाकडातून थेट तळव्यात येतो. मी लहानपणापासून शेपटाकडेच. माझं लग्न मिलशीच लागलंय, असं वहिनी चिडवते.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ही ठोकाठोकी म्हणजे जुनं खूळ वाटायचं. त्याने खांबावर लाल दिवा बसवला. त्याने पलीकडून बटण दाबलं की माझ्यासमोर दिवा लागणार. आता पेरं झिजवायची गरज नाही, म्हणाला. मी म्हटलं, दिवा तुझा, तळवे माझे.

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं होतं. धुक्यामुळे कामगार आले नव्हते आणि एका शाळेचे बाक अडून बसले होते. त्यासाठी आणलेला ओंडका अंगणात पडून होता. चांगला कमरेच्या वर जाड, साल शाबूत. व्यापाऱ्याला तो कुठला म्हणून विचारलं तर त्याने विषयच बदलला होता. बंद कपाट बऱ्याच दिवसांनी उघडावं तसा त्याला वास येत होता. आणि रात्रभर उघड्यावर पडूनही तो हाताला गार लागत नव्हता. बाबा म्हणाले, माणसं येऊ देत, मग घ्या. पण दादाला धीर कुठला. दोघं पुरे आहोत, म्हणत त्याने साखळदंडाने ओंडका ट्रॉलीवर चढवलासुद्धा.

मी खटका वर केला. पट्टा फिरू लागला.

एरवी पट्टा लाकडात शिरला की आवाज चढतो आणि मग स्थिर होतो. त्या दिवशी तो चढलाच नाही. खाली खाली जात राहिला, इतका खाली की कानांपेक्षा छातीत जास्त जाणवायला लागला. भुसा नेहमीपेक्षा बारीक उडत होता. समोरचा खांब धूसर झाला होता, त्यावरचा न लागलेला दिवा तेवढा कसाबसा ओळखू येत होता. मी ढकलत होते. तळव्यांखाली लाकूड थरथरत होतं, ते तर थरथरतंच. बाकांचा हिशोब मनात चालू होता.

आणि उजव्या तळव्याखाली दोन ठोके पडले.

मी दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेलाच. भास झाला असेल, उगाच थांबवलं तर दादा आठवडाभर हसेल, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. पण हातांनी मला विचारलंच नाही. ते ढकलायचे थांबले होते. मी धावत जाऊन खटका खाली ओढला.

पट्टा एकदम थांबत नाही. तो रेंगाळत, कुरकुरत थांबला. मग धुक्यात कसलाच आवाज राहिला नाही.

"दादा..." मी हाक मारली.

"अगं... ट्रॉली हलवू नकोस..." पलीकडून आवाज आला, पण तो दादाचा वाटेना.

मी वळसा घालून गेले. त्याच्या स्वेटरची बाही पकडीत अडकली होती आणि ट्रॉली त्याला फरफटत पट्ट्याकडे घेऊन चालली होती. चवड्यांवर उभा होता बिचारा. कोपर आणि पट्टा यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. दिव्याचं बटण त्याच्या मागे, पलीकडच्या खांबावरच राहून गेलेलं. मी पटाशीने बाही कापली. तो भुशात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले, मग दोघंही हसत सुटलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"तुझा दिवा राहू दे," मी म्हटलं, "तुझे ठोके कळले मला."

दादा हसायचा थांबला.

"मी ठोकलं नाही. एक हात अडकलेला, दुसऱ्याने पकड ओढत होतो... मी नुसता ओरडत होतो गं."

घरी आल्यावर बाबांना सगळं खुणांनी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. माझी आई, तुमची आजी होती ती, म्हणाले. खड्ड्यात उभं राहून जन्मभर त्यांना सांभाळलं, आता नातवाला सांभाळलं. ते ऐकून आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. वहिनीने मला मिठी मारली ती सोडेचना. त्या रात्री घरात सगळे गाढ झोपले, मीही.

अर्धवट चिरलेल्या त्या ओंडक्याला आता करवत लावायची नाही, असं बाबांनी बजावलं. धुकं सरल्यावर कामगार आले तेव्हा दादाने करवतीच्या चिरेत पाचरी ठोकून तो उघडायला घेतला. संध्याकाळच्या सुमारास तो दोन भागांत उघडला. आतून तोच कपाटाचा वास आला.

कापलेला भाग गुळगुळीत असायला हवा होता. बाबांनी सवयीने त्यावरून हात फिरवला आणि हात मध्येच थांबला. मग त्यांनी माझा हात धरून तिथे टेकवला. चादरीखालून कुणी बोटांची पेरं दाबून धरावीत तसे लाकडाला आतून उंचवटे आले होते. दोन, मग थोडी जागा सोडून आणखी दोन. मी हात पुढे सरकवत गेले. पट्टा जिथे शिरला होता त्या टोकापासून ते जिथे मी मिल थांबवली तिथपर्यंत, जोडी जोडीने, सगळीकडे तेच. त्यापुढे एकही नव्हता. मला जाणवले होते ते फक्त शेवटचे दोन.

दादा बाजूलाच उभा होता. त्याच्यासाठी कुणी ठोकत नव्हतं, पट्टा शिरल्यापासून आतलं कुणीतरी स्वतःसाठीच थांब म्हणत होतं, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

"तुझ्या आजोबांपासून आपण किती लाकूड कापलं असेल गं?" बाबांनी हळूच विचारलं.

मी हात लाकडावरून काढून घेतला.

मिल चालूच आहे, दोन घरं तिच्यावर चालतात. दादा धडधाकट आहे, त्याबद्दल मी ज्याचे मानायचे त्याचे रोज आभार मानते, मग तो कुणी का असेना. दादा हल्ली अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतो आणि दिवसातून दहादा तो लाल दिवा लागतो की नाही बघतो. मी चामड्याचे जाड हातमोजे आणलेत. ओंडका ढकलताना ते मी कधीच काढत नाही.