पहिली प्रतिक्रिया रामलिंग मामांची

हे वाचून कुणी हसलं तर हसू दे. मीसुद्धा हसले होते, आणि आता त्या हसण्याचीच भीती वाटते. गाव उदगीर. दहावीच्या निकालाचा दिवस, वेळ दिवेलागणीची. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही ते ऐकलं. एकटीनं ऐकलं असतं तर मी भास म्हणून सोडून दिलं असतं.

आधी थोडं मागचं सांगते.

माझा धाकटा भाऊ वैजनाथ उदगीरला बातम्यांचं पोर्टल चालवतो. पोर्टलचं नाव इथे देत नाही. मी नांदेडला असते. बातमीखाली वाचक जे लिहितात ते तपासायचं, घाण असेल ती काढायची, हे काम मी घरबसल्या फोनवर करते. पगार नाही. दिवाळीला एक साडी येते, तीही वहिनीच्या आवडीची.

आणि घाण तरी किती... नळाला पाणी आलं नाही ही बातमी असो की एखादी मुलगी कुस्ती जिंकल्याची, खाली शिव्या ठरलेल्या. माझी वहिनी उज्वला म्हणायची, बातमीखालची ती प्रतिक्रियांची जागाच बंद करून टाका. वैजनाथ म्हणायचा, लोकांना तोंड उघडायला दुसरी जागा कुठे आहे? मला दोघांचंही पटायचं. ज्याचा फोन शेवटी आला त्याचं जरा जास्त.

त्या सगळ्या चिखलात एक माणूस मात्र वेगळा होता. रामलिंग मामा.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांनी जन्मभर धान्य मोजलं. म्हातारपणी मुलानं फोन घेऊन दिला. तेव्हापासून पोर्टलवर निधनाची बातमी आली की पहिली प्रतिक्रिया त्यांची.

'भावपूर्ण श्रद्धांजली. माणूस चांगला होता.'

गेलेला मुसलमान असला तर 'अल्लाह जन्नत नसीब करो. माणूस चांगला होता.' मामांनी लिहिलं की त्यांच्या मागून सगळं गाव यायचं. तोवर कुणी लिहीत नसे.

एकदा उदगीरला गेले तेव्हा मी गमतीनं विचारलं, मामा, तुमचाच नंबर पहिला कसा लागतो?

"पोरी, पहिलं माप टाकायला कुनीतरी लागतंय. लाभ म्हणल्याबिगर दोन म्हणता येत न्हाई."

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मामा प्रतिक्रिया लिहितानासुद्धा आधी ओठातल्या ओठात लाभ म्हणायचे. मी स्वतः ऐकलंय.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. एका बातमीखाली दोन गटांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. पोलिसांनी वैजनाथला बोलावून झापलं. त्यानं सगळ्याच बातम्यांखालची जागा बंद केली. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच आठवड्यात रामलिंग मामा गेले.

वैजनाथनं बातमी टाकली. फोटो, हार, सगळं नीट. खाली लिहायला जागा नव्हती. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निवडणूक झाल्यावर नव्या बातम्यांखालची जागा पुन्हा उघडली. काही दिवसांनी अडत दुकानदार वीरण्णा शेठ यांच्या वाढदिवसाची बातमी लागली. आमच्या भागात वाढदिवस आणि निधन एकाच साच्यातून निघतात. तोच फोटो, तीच फुलं, मजकूर तेवढा वेगळा.

खाली पहिली प्रतिक्रिया...

'भावपूर्ण श्रद्धांजली. माणूस चांगला होता.'

नाव रामलिंग मामांचं.

मला हसू फुटलं. कुणी टवाळखोरानं मामांच्या नावानं खातं उघडलं असणार. बरं, गावानंही बातमी न वाचताच खाली श्रद्धांजलीची रांग लावली. शेठनं स्वतः वैजनाथला फोन केला आणि खो खो हसले. मरणाची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणाले.

त्याच आठवड्यात शेठ गेले. जेवता जेवता, हातात घास असताना.

नंतर पाशामियाँ. शिलाई मशीन दुरुस्त करणारे, सगळ्या गावाचे चाचा. एका मंडळानं त्यांचा सत्कार केला, त्याची बातमी होती. मी नांदेडला स्वयंपाकघरात होते.

'अल्लाह जन्नत नसीब करो. माणूस चांगला होता.'

मी काढून टाकलं.

पुन्हा आलं.

पुन्हा काढलं. आणि तेव्हा माझ्या पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं...

लाभ.

टीव्ही असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. टीव्ही बंद होता. सकाळी वैजनाथचा फोन आला. चाचा झोपेतच गेले होते.

आता त्या निकालाच्या दिवसाकडे येते.

माझी भाची शिवांगी, वैजनाथची एकुलती एक पोर, शाळेत पहिली आली. मी मुद्दाम उदगीरला गेले होते. वैजनाथनं कौतुकानं पेढा भरवतानाचा तिचा फोटो पोर्टलवर टाकला. मला ते आवडलं नव्हतं, पण बापाच्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार. शिवांगी पेढे घेऊन मैत्रिणीकडे गेली. अभिनंदनं येत होती. माझा फोन सारखा वाजत होता. टिंग. टिंग. टिंग.

मग टिंग थांबली.

एकदम थांबली. उज्वला देवापुढे दिवा लावत होती, तिनंही मान वर केली. कोपऱ्यात एक रिकामी खाट होती. तिकडून आवाज आला... म्हाताऱ्या, घोगऱ्या गळ्याचा.

लाभ...

उज्वलाच्या हातातली काडी तशीच जळत राहिली. चटका बसला तेव्हा तिनं ती टाकली. फोन उचलायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी मी उचलला.

'भावपूर्ण श्रद्धांजली. पोर चांगली होती.'

मी ती ओळ दोघांना वाचून दाखवली.

"बंद करा ते," उज्वला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बंद करा. किती दिवसांपासून सांगून राहिले मी."

वैजनाथचा चेहरा पांढरा पडला होता. "बंद केल्यानं लिहिणारा थांबणार हाय का? फकस्त आपल्याला दिसणार न्हाई."

त्यानं शिवांगीला फोन लावून तिथेच बसायला सांगितलं. रस्त्यावर यायचं नाही, गच्चीवर जायचं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द घुमत होता. बंद. मामा गेले त्या आठवड्यात काय बंद होतं, ते मला तेव्हा आठवलं. मी तसं दोघांना बोलून दाखवलं आणि आम्ही तडक मामांच्या घरी गेलो.

मामांचा मुलगा मन्मथ घरीच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, चिडलाही नाही.

"आमच्या अण्णाच्या बातमीखाली एक अक्षर आलं न्हाई," तो म्हणाला. "आखरीला म्हणायचे, सगळ्यांला मी लाभ म्हणलो, माझ्या येळेला कोण म्हणतंय बघू."

मामांचा फोन कुठे आहे, मी विचारलं. तो कपाटात होता. हिवाळ्यात मामा गेले तेव्हापासून बंद, सिमकार्डही काढलेलं. मन्मथनं काढून माझ्या हातात दिला.

फोन गरम होता. आत्ताच कुणीतरी हातातून खाली ठेवावा तसा.

वैजनाथनं तिथेच बसून मामांच्या जुन्या बातमीखालची जागा उघडली. स्वतः लिहिलं. जाईना. ते गोल चक्र नुसतं फिरत राहिलं. मन्मथनं लिहिलं. तेही जाईना. उज्वला दाराशी उभी राहून देवाचं नाव घेत होती.

मग मी वैजनाथच्या हातातून फोन घेतला. म्हणायला लाज वाटत होती, पण पोरीच्या जिवापुढे लाज कसली. मी मोठ्यानं म्हणाले, "लाभ." आणि लिहिलं.

'भावपूर्ण श्रद्धांजली. रामलिंग मामा, तुम्ही लई चांगले होता.'

गेलं.

आम्ही कुणालाही कळवलं नव्हतं. तरी टिंग वाजली. पुन्हा वाजली. मग थांबेचना. श्रद्धांजलीवर श्रद्धांजली. मन्मथ नावं वाचत होता आणि ढसाढसा रडत होता. मध्येच तो थांबला आणि फोन माझ्यापुढे धरला...

त्यात वीरण्णा शेठचं नाव होतं. पाशामियाँचंही.

शिवांगीच्या फोटोखाली पाहिलं. ती ओळ गेली होती, आमच्यापैकी कुणीही न काढता. शिवांगी घरी आली ती उरलेला पेढा खात. आईनं तिला इतकं घट्ट का धरलं, हे तिला कळलं नाही. आम्ही तिला आजवर यातलं काहीही सांगितलेलं नाही.

आता पोर्टलवरची ती जागा उघडी असते. वैजनाथ बंद करत नाही आणि उज्वला म्हणतही नाही. शिव्या येतात, मी त्या काढते. निधनाच्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया मीच लिहिते. माझ्याआधी गावात कुणी लिहीत नाही.

इथवर सगळं ठीक होतं.

शिवांगी सुट्टीला माझ्याकडे नांदेडला आली आहे. आज तिचा वाढदिवस. वैजनाथनं पोर्टलवर तिचा फोटो टाकला. संध्याकाळी तो बघत मी झोपाळ्यावर बसले होते. ती मागून आली आणि म्हणाली,

"आत्या, माझ्या फोटोकडं बघून तू लाभ का म्हणलीस?"

मी तोंड उघडलंच नव्हतं.

फोन तेव्हाच पालथा ठेवला. फोटोखाली काय आलंय, कुणाच्या नावानं आलंय, ते बघायचा धीर होत नाही. हे मी तिच्या लॅपटॉपवर लिहिते आहे. ती आतल्या खोलीत आहे. थोड्या थोड्या वेळानं मी तिला हाक मारते. ती वैतागून म्हणते, "काय गं आत्या?"

मला तेवढंच ऐकायचं असतं.