तुटका मेन स्टँड

मोटारसायकल माझ्या अंगावर कलली, तेव्हा माझ्या एका हातात इंजिनातलं ऑइल मोजायची काडी होती, दातांत फडकं होतं, आणि फडक्याआडून नुसतं "बाऽऽबा" निघत होतं. बाबा पायरीवर गुडघे शेकत बसले होते. त्यांच्याकडून मदत आली ती सल्ल्याची.

"सरळ धर, सरळ! कललेली असली की काडी खोटं बोलते."

"सोडा… मी धरतो."

समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातला तो. काळा चष्मा कपाळावर ढकललेला, भुवईवर काजळी. त्याने हँडल धरलं मात्र, गाडी एकदम शहाण्या मुलीसारखी उभी राहिली. बाबा त्याला ठिणगी म्हणायचे, कारण दिवसभर ठिणग्यांत बसूनही हा माणूस दोन-चार शब्दांच्या वर जात नसे.

बाबांची ती गाडी माझ्याहून वयाने मोठी. मेन स्टँडचा एक पाय तुटलेला, साइड स्टँडवर लावली की कलणार, आणि कलली की ऑइलचा अंदाज चुकणार. म्हातारं इंजिन ऑइल पीत असे, त्यामुळे दर रविवारी बघावंच लागे. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने काडी बघायची. बाबांचे गुडघे संपावर. मग काय… दर रविवारी ठिणगी!

आधी इंजिन थोडा वेळ चालवायचं, मग बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत थांबायचं. मला ते थांबणंच आवडायला लागलं. तो हँडल धरून उभा, मी इंजिनापाशी उकिडवी. गाल गरम व्हायचे. इंजिनाची धग, दुसरं काय!

"उतरलं असेल?" मी विचारायचे.

"अजून नाही."

"तुम्हाला कसं कळतं?"

"कळत नाही," तो म्हणायचा. "पण… थांबू की."

मग काडी पुसायची, आत टेकवायची, बाहेर काढून बघायची. ऑइल खालच्या रेघेशी आलं असलं, की नरसाळ्यातून भर घालायची. मी मुद्दाम अगदी थोडं थोडं ओतायचे.

"हात दुखले का?"

"नाही… तुम्ही ओता सावकाश."

आणि मग मला नोकरी लागली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, दूरच्या गावी. नमुने आणायला फिरावं लागणार, म्हणून गाडी मी नेणार. त्याला सांगताना मनात एकच होतं, याने 'जाऊ नका' म्हणावं. ते नाही तर निदान 'परत कधी?' एवढं तरी.

तो म्हणाला, "गाडी जरा दुकानात द्या."

संध्याकाळी परत आली ती मेन स्टँडला नवा पाय लावून. "तिकडे तुम्हाला एकटीला बघता यायला हवं," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही वेल्डर आहात! इतके महिने गाडी तोलत उभे राहिलात, आणि हे एका दुपारचं काम होतं?"

"हो."

"मग आधी का नाही केलं?"

तो चष्म्याची काच पुसत राहिला. "तुम्ही तरी कुठे म्हणालात?"

खरंच की. रोज समोर ठिणग्या उडताना बघायचे मी, पण एकदाही म्हणाले नव्हते. आम्ही दोघं त्या नव्या पायाकडे बघत बसलो.

"आता कुणीतरी बोला," बाबा पायरीवरून म्हणाले.

तो दुकानाकडे वळला, मी सामान बांधायला. मी गेले.

नव्या गावातला पहिला रविवार. खोलीसमोरच्या अंगणात गाडी मेन स्टँडवर घेतली. खांबासारखी घट्ट! इंजिन चालवलं, बंद केलं, आणि थांबले. निवणारं इंजिन टिकटिक करत होतं. 'उतरलं असेल?' विचारायचं कुणाला? काडी बघितली. ऑइल अगदी बरोबर होतं, आणि मला रडू आलं. इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. तशीच उठले आणि त्याच्या दुकानात फोन लावला.

"तुमचं वेल्डिंग सुटलं."

पलीकडे खरखर, त्यात त्याचा आवाज, "माझं?"

"हो."

"माझं वेल्डिंग सुटत नाही."

"सुटलंय. येऊन बघा."

पुढच्या रविवारी तो आला. बसने, खांद्यावर हत्यारांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. भुवईवर काजळी नव्हती, तर ओळखूच येईना. काही न बोलता खाली बसला आणि स्टँडवर हातोडी मारली. टण्ण!

"पक्कं आहे."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

"मलाही माहीत होतं."

"मग… आलात कशाला?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "रविवारी करमत नाही मला. तुमच्याशिवाय… कुठल्याच वारी करमत नाही."

ठिणगीचं एवढं मोठं भाषण! मी इंजिन सुरू केलं, थोड्या वेळाने बंद केलं. त्याने गाडी पुढे ढकलली, त्या घट्ट स्टँडवरून खाली उतरवली, आणि हँडल धरून सरळ उभा राहिला.

मी हँडलवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "उतरलं असेल?"

"अजून नाही," तो म्हणाला.

"मग थांबू की," मी म्हणाले.