घराण्यातली चरबी

मोखाड्याहून जव्हारला येणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये मागे समोरासमोर बसावं लागतं. समोरचा माणूस आपल्याकडे बघायला लागला तर तोंड फिरवायलाही जागा नसते. आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता. चोरून वगैरे नाही, सरळ डोळ्यांत. बाहेर पाऊस रिपरिपत होता, ताडपत्रीच्या कडेनं थेंब माझ्या खांद्यावर गळत होते आणि ह्याचं आपलं चाललंच होतं.

मी नीता, अंगणवाड्यांची सुपरवायझर. पाड्यापाड्यावर पोरांची वजनं करत हिंडते आणि मदतनिसांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी भांडते. मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"काय बघताय?"

"डोळे," तो म्हणाला.

शेजारच्या बायांनी पदर तोंडाला लावले. ड्रायव्हर पांड्यानं मागचं नीट दिसावं म्हणून आरसा फिरवला.

"मग झाले का बघून?"

"नाही… जरा उजेडाकडे वळता का?"

माझा हात चपलेकडे जायच्या आत त्यानं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. तो मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यातला नवा डॉक्टर होता. नाव तुळशीदास, गाव पेठकडचं. माझ्या बुबुळाभोवती म्हणे पांढरट कडं होतं. म्हाताऱ्या माणसांना असतं तसं, माझ्या वयात नसतं. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "घरात कोणी लवकर गेलंय का… छातीत कळ येऊन?"

माझा कान्हादादा. भात झोडता झोडता खळ्यावर टेकला तो उठलाच नाही. तेहतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याआधी आई अशीच गेली होती. मी हे सांगितलं. डॉक्टरनं मान खाली घातली आणि म्हणाला, रक्त तपासून घ्या, दादांची मुलं असतील तर त्यांचंही.

जव्हारच्या नाक्यावर मी उतरून तडक चालायला लागले. राग दोन गोष्टींचा होता. एक, त्यानं दादाची आठवण काढली. दुसरी सांगायला लाज वाटते, पण सांगते. चांगला मिनिटभर मला वाटलं होतं की तो माझे डोळे आवडले म्हणून बघतोय.

मी माझं रक्त दिलं नाही. दादाच्या मुलीचं, योगिताचं मात्र दिलं. आमची योगी नऊ वर्षांची. रक्त नाशिकला गेलं आणि आठवड्याभरानं रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः आमच्या घरी आला. बाबा ओटीवर बसले होते. देवजी गुरुजी म्हणून त्यांना साखरशेतपासून जामसरपर्यंत सगळे ओळखतात. अर्ध्या तालुक्याला त्यांनी बाराखडी शिकवलीय. डॉक्टरनं पाणी घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घराण्यातच चरबी आहे. मुलीत तर फारच आहे."

बाबांनी चष्मा काढला. आमच्यात एखाद्याला चरबी आहे म्हणजे तो माजलाय, आणि घराण्यात चरबी आहे म्हणजे… पुढचं बोलायला नकोच.

"डॉक्टर, जन्मभर मास्तरकी केली मी," बाबा शांतपणे म्हणाले. "असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं."

आतून फिस्सकन आवाज आला. निशावहिनी हसली होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टर लालेलाल झाला. "रक्तातली म्हणतोय मी…"

"आमच्या रक्तातच आहे ती," मी म्हटलं. "वरवरची नाही. जीपमध्ये कळलंच असेल तुम्हाला."

मग मात्र त्यानं नीट समजावलं. ही खाऊन आलेली चरबी नव्हे. काही घराण्यांत रक्तातला कोलेस्ट्रॉल साफ करायचं काम लिव्हर जन्मापासूनच धड करत नाही. मूल बारीक असलं तरी आतून नळ्या तुंबत जातात. आईपासून दादाला आलं, दादापासून योगीला. आणि यावर गोळी आहे. मोठ्या माणसांना सर्रास देतात. लहान मुलांना द्यावी की नाही यावर मात्र सगळीकडे भांडण चाललंय. याच, म्हणजे २००८ च्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की घराण्यातून आलेलं असेल तर आठ वर्षांपुढच्या मुलांना देता येईल. त्यावर तिथलेच दुसरे डॉक्टर तुटून पडले होते, की वाढत्या वयाच्या मुलांना ही गोळी वर्षानुवर्षं दिली तर काय होतं हे कुणी पाहिलंय?

"आणि तुमचं काय म्हणणं?" बाबांनी विचारलं.

"मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिथंच कुठंतरी मी घसरले असणार.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले. वहिनीला गोळी हवी होती, आजच्या आज. बाबा म्हणत, धडधाकट पोरीला जन्माचं औषध लावायचं नाही. मी मधे लोंबकळत होते. सकाळी मी पाड्यावरच्या आयांना बजावायची की पोराच्या भातावर चमचाभर तेल घाला, अंगावर मांस दिसू दे. संध्याकाळी घरी येऊन योगीच्या ताटातला पापड उचलायची. ही बातमी वावर गावच्या मदतनीस हिरीबाईला लागली तेव्हा ती हसून लोळायचीच बाकी राहिली.

"आमचे वावरच्या पोरांना चरबी मिळं नाय, न् तुमची पोर ती उतरवाया गोळी खाल?"

मला हसू आलं आणि नंतर रडूही आलं.

डॉक्टर म्हणाला, घाई नको. दिवाळीपर्यंत तळलेलं बंद करू, तिला पळवू, मग परत रक्त बघू. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. मग योगी रोज हनुमान पॉईंटपर्यंत पळायला लागली आणि मी तिच्यामागे धापा टाकायला लागले.

दर गुरुवारी मोखाड्याहून परतताना जीपमध्ये डॉक्टर हमखास समोर. योगी काय खाते, किती पळते, सगळं विचारून झालं की तो काहीतरी भलतंच बोलायचा. एकदा म्हणाला, "आज निळी साडी नाही नेसलात." मी म्हटलं, डॉक्टरांनी रोग बघावा, साड्या नव्हे. तो म्हणाला, "रोग बघूनच सुरुवात केली होती… पुढचं माझ्या हातात राहिलं नाही." ते ऐकून पांड्यानं वळणावर गाडी जवळजवळ दरीत घातली होती.

एका गुरुवारी डॉक्टर उतरून गेल्यावर पांड्यानं मला विचारलं, "मॅडम, या डॉक्टरचा जव्हारमधी काय काम हाय? येतो, नाक्यावर एक च्या पितो, न् माझ्याच गाडीनं परत जातो." मी त्याला पुढं बघून गाडी चालव म्हटलं. घरी आल्यावर मात्र आरशात बघून उगीच केस विंचरले.

दिवाळी झाली. योगीचं रक्त परत तपासलं, पण आकडा जेमतेम हलला होता. त्या संध्याकाळी ओटीवर बाबा आणि वहिनी यांचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनी कधी नव्हे ते सासऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या घरातून एक गेला. दुसरी जाऊ देणार नाही." योगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, ही गोळी माझ्या बाबांना कुणी दिली नव्हती का?"

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

मग बाबा बोलले. "नवं पीक घरात आलं की आधी देवाला दाखवतो, मग मोठा माणूस खातो, मग पोरं. नवं काही आधी पोराच्या तोंडात घालत नाहीत. द्यायची तर द्या गोळी… पण आधी मी खाणार."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. गोळी म्हणजे प्रसाद नव्हे, ज्याला रोग त्यालाच ती द्यायची. बाबांचं रक्त त्यानं तपासलं होतं, ते तरण्या पोरासारखं स्वच्छ होतं. मग घरात रक्ताच्या नात्याचं मोठं असं राहिलं कोण? त्यानं विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, आणि यावेळी मला कळलं की तो काय बघतोय.

मी इतके दिवस रक्त का दिलं नव्हतं ते आता सांगते. भीती होती, ती तर होतीच. पण मला बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. आणि त्याहून जास्त म्हणजे, एका माणसाला ते कागदावर नक्की कळू नये असं वाटत होतं. जीपमध्ये त्यानं सगळ्यात आधी तेच ओळखलं होतं, तरीसुद्धा.

त्यानंच माझं रक्त काढलं. सुई टोचताना त्याची शीर दोनदा चुकली, मी त्याच्यावर ओरडले आणि मग दोघंही हसलो. रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं मला सरळ सांगितलं. मलाही हा रोग आहे, योगीइतकाच. गोळी घ्यावी लागेल. गरोदरपणात मोठ्या डॉक्टरांना विचारून ती बंद ठेवावी लागेल.

"मुलं झाली तर त्यांनाही?"

"निम्मी शक्यता."

समोरच्या आवारात कुणाच्या तरी कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत म्हटलं, "हे सांगितल्यावर कोण येईल मला बघायला?"

"मी… दर गुरुवारी येतोच आहे की."

माझा जीव एकदम हलका झाला आणि लगेच मी त्याचं म्हणणं मोडून काढायला निघाले. माझा स्वभावच तो. "दया नकोय मला."

"दया मला रोज येते, इथं दवाखान्यात," तो म्हणाला. "तिच्यासाठी मी जीप पकडत नाही."

यावर मला सुचलं ते कडू होतं. तो सरकारी बाँडवरचा डॉक्टर होता. असे डॉक्टर मोखाड्याला वर्षभरासाठी येतात, दिवस मोजतात आणि शहरात निघून जातात. आम्ही त्यांची नावंही पाठ करत नाही. "तुमचा बाँड जूनमध्ये संपतो," मी म्हटलं आणि उठून चालायला लागले. पूर्ण रस्ताभर डोळे पुसत होते, नाकारायचं काही कारण नाही.

साखरशेतच्या आमच्या शेतातलं नवं भात घरी आलं तेव्हा बाबांनी नव्याच्या जेवणाचा दिवस ठरवला आणि डॉक्टरलाही बोलावलं. योगीची गोळी त्याच दिवशी सुरू करायची होती. वहिनीनं नव्या तांदळाचा भात केला, उडदाचं वरण केलं, वर खुरासणीची चटणी. नैवेद्य दाखवून झाला. दिवेलागण झाली होती. नव्याच्या पहिल्या पंगतीला फक्त घरची माणसं बसतात, म्हणून डॉक्टर खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात देऊन दाराशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मीही बघितलं नाही… म्हणजे, थोडंसं बघितलं.

बाबा पाटावर बसले, पण त्यांनी घास उचलला नाही.

"डॉक्टर, एकच विचारतो. गोळी जन्माची आणि तुमचा बाँड वर्षाचा. तीस वर्षांनी या पोरींना काही झालं तर मी विचारायचं कुणाला? मी तर नसेनच."

वहिनीचा वाढता हात थांबला. योगी एकदा आजोबांकडे आणि एकदा डॉक्टरकडे बघू लागली.

तुळशीदासनं उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. "तीस वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही, गुरुजी. अजून कुणालाच माहीत नाही. पण गोळी न देता काय होतं ते तुम्ही या घरात दोनदा बघितलंय. आणि विचारायला मी इथं असेन. बाँड संपल्यावरही मोखाड्यातच राहतोय, वरच्या साहेबांना सांगून झालंय." तो जरा थांबला, कानापर्यंत लाल झाला. "नीता हो म्हणाली तर या घरात सापडेन. नाही म्हणाली तर दवाखान्यात."

बाबांनी शेजारचा पाट हातानं सरकवला आणि वहिनीला म्हणाले, "निशा, आणखी एक पान मांड."

तो येऊन बसला. बाबांनी पहिला घास खाल्ला. मी गोळी तोंडात टाकली. योगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी गिळते की नाही ते तिला बघायचं होतं. सगळेच माझ्याकडे बघत होते, पण एकाला त्याच्या बोलण्याचं उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हटलं.

गोळी अजून जिभेवरच होती, त्यामुळे कुणाला धड ऐकू गेलं नाही. मी घोटभर पाणी पिऊन ती गिळली, योगीला तोंड उघडून दाखवलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हटलं. योगीनं लगेच तिची गोळी तोंडात टाकली आणि भाताचा घास घेतला.