तीन दगडांची वाट

"ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या पोरांनो. मध्ये हसलात तर उठून जाईन," असं बजावून गोकुळदासकाकांनी सगुणची गोष्ट सुरू केली. सगुण त्यांचा वर्गमित्र. मरायच्या आदल्या महिन्यात त्यानंच ती काकांना सांगितली होती.

साल १९९३. जूनची एकोणीस, शनिवार. सगुण पेडण्याहून सर्वणला निघाला, सुदेशची सामानाची पेटी पोचवायला. दोघं एकाच बोटीवर स्वयंपाकघरात होते. सुदेश परतला नाही, पेटी परतली. ती दिली की त्याच्या आईला, सुमंगलाकाकीला, खरं सांगून टाकायचं, असं सगुणनं वाटभर घोकलं होतं.

खरं ते असं. मागल्या वर्षी बोट एका ज्वालामुखीच्या बेटाला लागली. सुट्टी होती म्हणून दोघं डोंगर चढायला गेले. सगळीकडे काळा, जळका दगड. घोट्यापर्यंत राख. गंधकाच्या वासानं नाक झोंबायचं. पायवाट अशी नव्हतीच. तीन-तीन दगड एकावर एक रचून खुणा केलेल्या, त्या बघत जायचं. सगुण पुढे होता. एका फाट्यावर डावीकडे डोकावला, तर खाली विवर धुमसतंय. त्याची पाचावर धारण बसली. आपल्याकडे डोंगरात भीती वाटली की राखणदाराच्या नावानं दगड रचतात ना? त्यानंही तिथं तीन दगड रचले, हात जोडले आणि उजव्या वाटेनं पुढे गेला. तेवढ्यात धुकं उतरलं.

मागून सुदेशनं हाक मारून वाट विचारली, "सगुणदादा, वाट खंयची रे?"

"फातर पळय आनी यो!" सगुण ओरडला. म्हणजे, दगड बघत ये.

बराच वेळ सुदेश आला नाही, म्हणून तो मागे धावला. सगुणनं रचलेल्या तीन दगडांपाशी सुदेशची पावलं राखेत डावीकडे वळली होती. कड्यापर्यंत.

सगुण सर्वणला पोचला, तर काकीनं पेटी उघडलीही नाही. एवढंच विचारलं, "म्हज्या झिलाची वाट कशी रे चुकली?"

"धुकें आशिल्लें, काकी," सगुण म्हणाला. स्वतःची लाज वाटली, पण खरं काही तोंडातून बाहेर पडेना.

शेवटची बस गेली होती, म्हणून तो तिथंच निजला. पावणेबाराला वीज गेली. पाऊस थांबला. बेडूकही गप्प. आणि गंधकाचा वास...

"सगुणदादा... वाट खंयची रे?"

काकी ताडकन उठली. दार उघडलं. काळोख. कोणी नाही.

"पुता! हांगा यो! हें घर!"

पुन्हा तेच. त्याच सुरात. तिची हाक त्याला ऐकूच जात नव्हती.

"तूं सांग रे ताका!" काकीनं सगुणचे पाय धरले. "तुका विचारता तो."

सगुणला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. पण मागल्या खेपेला त्यानंच सांगितलं होतं...

हाक घराभोवती फिरली. एकदा. दोनदा. मग दाराशी.

"दादा...?"

सगुण गप्प.

मग काहीच नाही...

सकाळी धो धो पाऊस होता. उंबऱ्यापुढे माणूस आडवा मावेल एवढी जागा मात्र कोरडी. थेंब पडला की वाफ. काकीनं तिथं हात टेकला आणि बसून राहिली.

सगुण त्या घरी पुन्हा गेला नाही. काकी अकरा वर्षं जगली. पाऊस आला की त्या जागेवर छत्री धरून बसायची. आता घर बंद आहे. जागा अजून वाफाळते.